कोरडी, पण फुकट मिळाल्यास गोड

आत्या रविवारी दुपारी सगळ्यांना घेऊन जेवायला येणार आणि हॉटेलची वाइन लिस्ट बघूनच गाळ्याच्या करारावर सही करणार, ही बातमी शेफने बायकोला शुक्रवारी संध्याकाळी दिली. तीही पास्त्याच्या उकळत्या पाण्यात मीठ टाकता टाकता, मीठ संपत आलंय असं सांगावं त्या सुरात.

"फोन कधी आला होता?" बायकोने विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"मला जरा लसान्या बघायचाय," असं म्हणून शेफ ओव्हनकडे वळला.

त्याला अवघड प्रश्न विचारला की लसान्या बघायचा असतो. लग्नाची तारीख ठरवतानाही तो लसान्याच बघत होता. शेफ ही पदवीसुद्धा त्याने स्वतःच स्वतःला दिलेली. त्याच्या बायकोला मात्र पदवी बाकीच्यांनी दिली होती. वेटरपासून शेजारच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. गल्ला वहिनी, टेबलं वहिनी, भाजीवाल्याशी भांडण वहिनी, तुंबलेलं बेसिन वहिनी. शेफ फक्त शिजवायचा. छान शिजवायचा, हे वहिनी कितीही चिडली तरी नाकारत नसे. म्हणून तर हे इटालियन हॉटेल त्या गल्लीत, लाँड्री आणि सायकलच्या दुकानाच्या मधे, इतकी वर्षं टिकलं होतं.

वाइन लिस्ट नव्हतीच. भिंतीवर एक काळी पाटी होती, तिच्यावर खडूने लिहिलेलं: तांबडी मिळेल. पांढरी मिळेल. दातांचा डॉक्टर तांबडी प्यायचा, सायकलवाला पांढरी. आजवर एकाही गिऱ्हाइकाचं तेवढ्यावर अडलं नव्हतं. वाइनची जाडजूड यादी ही माणसाला जेवणाआधी घाबरवायची वस्तू आहे. ज्याला कळत नाही तो मान डोलावतो, ज्याला कळतं तो उरलेल्यांचं जेवण थंड होईपर्यंत बोलतो, आणि शेवटी दोघंही किमतीकडे बघूनच बोट ठेवतात.

पण आत्या कुठल्याशा बड्या हॉटेलात जेवून आली होती. तिथे तिच्या हातात चामडी पुठ्ठ्यातली यादी ठेवली गेली आणि तिचं डोकं फिरलं.

"ज्या हॉटेलात वाइनची यादी नाही, ती खाणावळ," तिने फोनवर शेफला सुनावलं होतं. "आणि खाणावळीला मी गाळा देत नाही. टाइल्स कधीचा मागे लागलाय."

गाळा आत्याच्या नावावर होता. टाइल्स म्हणजे शेफचा चुलतभाऊ. त्याचं फरश्यांचं दुकान होतं आणि त्याला शोरूम काढायची होती, याच गाळ्यात. हॉटेलात आला की तो जेवणाकडे बघायचा नाही, भिंतींकडे बघायचा. जुना करार या महिन्यात संपत होता. सही झाली तर हॉटेल राहणार, नाही झाली तर ओव्हनच्या जागी फरश्या उभ्या राहणार. इतकं सगळं टांगणीला लागलेलं, आणि नवऱ्याचे थोडे दिवस.

शनिवारी सकाळी वहिनीने वाइनवाल्याला गाठलं. त्याने खोकी उतरवली, बाटल्या टेबलावर रांगेत मांडल्या आणि कपाळाचा घाम पुसला.

"नावं बाटलीवर आहेत, ती उतरवून घ्या. पण नुसती नावं नकोत वहिनी. प्रत्येकीखाली दोन ओळी वर्णन पाहिजे. त्याशिवाय यादी ती यादी वाटत नाही."

"वर्णन मी कुठून आणू? मला घोटभर घेतली तरी रात्रभर जळजळतं."

"प्यायला कशाला पाहिजे? आम्ही तरी कुठे सगळ्या पितो! माणसाचं वर्णन करतात ना, तसं करायचं. अंगाने कशी, स्वभावाने कशी, वय काय, आणि गेल्यावर मागे काय ठेवते. डोळ्यासमोर एखादं माणूस आणा आणि लिहा. सगळ्या याद्या अशाच असतात."

हा सल्ला देऊन तो गेला. पुढे जे झालं त्याला खरं तर तोच जबाबदार, पण असली माणसं कधी सापडत नाहीत.

वहिनी कागद घेऊन बसली आणि फोन वाजला. आत्या. "सूनबाई, मला दारातलं टेबल नको, वारा लागतो. आतलं नको, कोंदट होतं. आणि माझ्यासाठी काही वेगळं करू नकोस हं, फक्त मीठ कमी, तेल कमी, आणि टोमॅटो सोललेले." फोन ठेवला, पुन्हा वाजला. टाइल्सचे वडील, काका. "आम्ही येतोय, पण बिलाचं काय ठरलंय? नाही म्हणजे, घरचंच हॉटेल आहे म्हणून विचारलं." त्यांच्या हातून काकूने फोन ओढून घेतला आणि इतका वेळ बोलली की वहिनीने फोन टेबलावर ठेवून बाटल्या पुसून घेतल्या. तो संपतो न संपतो तोच टाइल्स. "वहिनी, सहज विचारतो, मागच्या भिंतीची उंची किती असेल?"

वहिनीने फोन बंद केला, पेन उचललं आणि डोळ्यासमोर माणसं आणली. आणावी लागली नाहीत, होतीच.

पहिल्या बाटलीखाली तिने लिहिलं: जुनी आणि जड. लेबल सोनेरी. पहिल्या घोटाला गोड, मग कडवट, आणि शेवटी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लावते. उघडल्यावर तासभर तिचं तिला मोकळं होऊ द्यावं, मधे बोलू नये.

दुसरीखाली: कोरडी. अतिशय कोरडी. हातातून काही सुटत नाही. फुकट मिळाल्यास गोड लागते.

तिसरीखाली: बुडबुड्यांची. अखंड आवाज. काय म्हणाली ते आठवत नाही, पण डोकं दुसऱ्या दिवशीपर्यंत धरून राहतं.

चौथीखाली: नवीन, चकचकीत, वरून गुळगुळीत. शेजारच्या बाटलीची जागा बळकावते.

पाचवीखाली, जरा थांबून: घरातली. दिसायला सौम्य. एक शब्द बोलत नाही, पण जेवण संपल्यावर कळतं की सगळं हिच्याच मनासारखं झालं. ही सासूबाई होती.

आणि सहावीखाली, पेन दाबून: पांढरी, हलकी. कशाशीही जमवून घेते कारण स्वतःचं मत नाही. गरम वातावरणात ठेवल्यास दुसरीकडे निघून जाते.

पुढच्या बाटल्यांना नातेवाईक पुरले नाहीत म्हणून तिने भाजीवाला आणि नळदुरुस्तीवाला घातला. पानं भरली तसं तिचं डोकं शांत झालं. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शेफने हात पुसत पानं वाचली आणि हसून हसून खुर्चीत बसला.

"आत्या! काका! अगं काय लिहिलंयस! आणि ही सहावी... स्वतःचं मत नाही, दुसरीकडे निघून जाते... ही टाइल्सच ना? अगदी हुबेहूब!"

वहिनीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"हो," ती म्हणाली. "तोच. आता ऐक. हे मी राग काढायला लिहिलंय. परत आले की खरं लिहून छापायला देते. तोवर याला हात लावू नकोस."

ती लाँड्रीत टेबलक्लॉथ आणायला गेली. लाँड्रीवाल्याने एक डाग राहिला होता तो पुन्हा धुवायला घेतला, म्हणून तिला बसावं लागलं. परत आली तर टेबलावर पानं नव्हती.

"पानं?"

"दिली छापायला," शेफ म्हणाला. चेहऱ्यावर अभिमान. "छापखानेवाल्याचा फोन आला, आज लवकर बंद करतोय म्हणाला. तू नव्हतीस. म्हटलं, प्रत्येक वेळी तूच कशाला? मी स्वतः गेलो, चामडी पुठ्ठापण मीच निवडला."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने न सांगता एक काम केलं होतं, आणि ते हे.

"मी काय सांगून गेले होते? हात लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"पण इतकं छान होतं! आणि नावं कुठे लिहिलीत त्यात? कोण वाचतंय वाइनची यादी?"

"आत्या! आत्या वाचणार! ती औषधाच्या डबीतला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते!"

शेफच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरला. "मला जरा लसान्या..."

"ओव्हन बंद आहे," वहिनी म्हणाली.

छापखाना बंद, फोन बंद. यादी रविवारी दुपारी मी स्वतः आणून देतो, असं तो सांगून गेला होता. म्हणजे हमखास उशीर करणार, एवढाच आधार. कारण त्याचं काम कधीच वेळेवर आलं नव्हतं. मेनूकार्डं त्याने दोनदा ठरलेला दिवस उलटून गेल्यावर पोऱ्याकडून पाठवली होती. वहिनीने साध्या कागदावर दुसरी यादी काढली, बिनधोक, मेल्यासारखी: ही मासळीबरोबर, ही चीजबरोबर, ही कशाहीबरोबर. झेरॉक्स काढल्या. छापखानेवाला दिसला की त्याचं पार्सल मागच्या दाराने आत घ्यायचं आणि पिठाच्या पोत्याखाली घालायचं, असं वेटरला बजावलं. वेटर मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

छापखानेवाला त्या रविवारी वेळेवर आला. पुढच्या दाराने. आणि दारात त्याच क्षणी आत्या गाडीतून उतरत होती.

"मालकीणबाई का?" त्याने विचारलं.

आत्याला हा प्रश्न आवडला. "मीच," ती म्हणाली.

"या तुमच्या वाइन लिस्ट." आणि अख्खं पार्सल त्याने तिच्या हातात ठेवलं.

वहिनी टेबलांमधून धावली. पोचेपर्यंत आत्याने दोरी सोडली होती. लालसर चामडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. आत्याने पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"याला म्हणतात हॉटेल!"

"आत्या, त्या नका घेऊ, छपाईत चुका आहेत, मी दुसऱ्या..." वहिनीने झेरॉक्स पुढे केल्या.

आत्याने त्या कागदांकडे बघितलं. मासळीचं वेष्टण असावं तसं. "काय हे? कसल्या खाणावळीत आलो आपण?" आणि चामड्याची एकेक यादी वाटत ती टेबलाकडे निघाली. काकांना एक, काकूला एक, टाइल्सला एक, सासूबाईंना एक. सगळे बसले. चष्मे निघाले. टेबलावर अशी शांतता पसरली की आत मटार उकळत असल्याचा आवाज ऐकू येत होता.

वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. आत्याच्या पर्समधून कराराच्या कागदाचा कोपरा बाहेर डोकावत होता. टाइल्सने खिशातून मापाची टेप अर्धी बाहेर काढून ठेवली होती.

पहिल्यांदा काकू फिसकन हसली. तिने काकांना कोपर मारून पहिल्या वाइनवर बोट ठेवलं आणि आत्याकडे डोळे फिरवले. काकांनी वाचलं, खोकला आणल्यासारखं केलं. टाइल्सने दुसरी वाचली आणि आपल्या वडिलांकडे बघून मान खाली घातली. आत्याने तिसरी वाचली, काकूकडे बघितलं आणि पदराने तोंड झाकलं. प्रत्येकजण आपापल्या पानात बाकीच्यांना भेटत होता. स्वतःला मात्र कुणी भेटलं नाही. वहिनीला हे दिसलं आणि विश्वास बसेना. काकांनी 'अतिशय कोरडी' हे शब्द दोनदा वाचले, जीभ टाळूला लावली, आणि म्हणाले, "आमचे एक साहेब होते असे."

"मला ही तिसरी," आत्या म्हणाली. "बघू तरी, डोकं धरते का!"

"आम्हाला पहिली," काकू म्हणाली, आणि पुन्हा फिसकन हसली.

सासूबाईंनी काही न बोलता पाचव्या वाइनवर बोट ठेवलं.  मग मान वर करून वहिनीकडे बघितलं, बोट तसंच. "ही," त्या म्हणाल्या. बस.

बाटल्या आल्या, बुचं निघाली. पहिला घोट घेऊन काकू म्हणाली, "अगदी तश्शी! आधी गोड, मग बघ, मग बघ!" लसान्या आला, रिझोतो आला. सोललेल्या टोमॅटोंचा वेगळा वाडगा आत्यासमोर आला. सगळं ठीक चाललं होतं. मग काकांचा दुसरा ग्लास संपला. फुकटची वाइन त्यांना खरंच गोड लागत होती.

"ताई," ते आत्याला म्हणाले, "ही पहिली म्हणजे तूच की गं!"

हातातले काटे हवेत थांबले.

"मी?" आत्याने यादी उघडली. मोठ्याने वाचलं. जुनी आणि जड. लेबल सोनेरी. तिने गळ्यातल्या साखळीवर हात ठेवला, मग काढला. "आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लावते... मूर्खा, ही तुझी बायको आहे!"

"मी कशाला?" काकू उसळली. "मी जड आहे?"

"तू ती बुडबुड्यांची," टाइल्स मधे बोलला. मुलगा असून बोलला.

"बुडबुड्यांची असेल शेजारच्या सायकलवाल्याची आई! आणि तू चौथी! वाचलीस का चौथी? बळकावते म्हणे!"

"चौथी शेफ आहे," टाइल्स म्हणाला. "गाळा कुणी बळकावलाय, तुम्हीच सांगा!"

एकाच वेळी सगळे बोलायला लागले. कोण कोणती, याच्यावरून. शेजारच्या टेबलावरच्या दातांच्या डॉक्टरनेही यादी मागवून घेतली आणि नळदुरुस्तीवाला ओळखला. शेफ आतून डोकं काढून बघून गेला. लसान्या बघायला गेला असणार.

आत्याने हात आपटला. काटे वाजले. "गप्प! जिने लिहिलं तीच सांगेल. सूनबाई! इकडे ये. ही पहिली कोण?"

करार पर्समध्ये. पेन टेबलावर. टेप टाइल्सच्या मुठीत. वहिनीच्या डोळ्यासमोर तो ओव्हन आला, ती काळी पाटी आली, इतकी वर्षं घासलेली टेबलं आली. आणि मग गेल्या दोन दिवसांचा सगळा वैताग आला. वारा, कोंदट, सोललेले टोमॅटो, भिंतीची उंची.

"ती वाइन आहे आत्या. द्राक्षांची असते."

"थापा मारू नकोस. कोण?"

"तुम्ही," वहिनी म्हणाली. "पहिली तुम्ही आहात. शब्दन्‌शब्द तुम्हीच आहात. मी तुमचा फोन ठेवला आणि लिहिलं. झालं समाधान?"

टाइल्सने टेप सटकन उलगडली.

 आत्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. तिने मान हलवली, अगदी समजूतदारपणे.

"बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "याला म्हणतात संस्कार. काकूला वाईट वाटायला नको म्हणून बिचारी माझं नाव घेतेय. माझं! माझ्यासमोर! असं धाडस आहे तुमच्यात कुणाच्यात?"

"आत्या, मी खरंच..."

"बस. कळलं मला." तिने पर्समधून करार काढला, सोनेरी चष्मा नाकावर चढवला आणि लांबलचक सही केली. "पण एक अट. ही यादी बदलायची नाही. माझ्या मैत्रिणींना आणणार आहे मी पुढच्या रविवारी. त्यांना काकू दाखवायचीय."

"आम्हीही येऊ," काकू दात आवळून म्हणाली. "आमच्याही ओळखीची माणसं आहेत. त्यांना कुणी दुसरंच दाखवायचंय."

"घरचंच हॉटेल," काका म्हणाले.

म्हणजे आता दर रविवारी, सगळे, फुकट. वहिनीने करार उचलला, आत नेला आणि पिठाच्या पोत्यावर जाऊन बसली. खरं बोलायचं ठरवलं, तोंडावर बोलून दाखवलं, तरी या घरात खरं पोचत नव्हतं. त्याला वाटेतच कुणीतरी सभ्यपणा चिकटवत होतं.

ती बसली असतानाच बाहेर हास्याचा स्फोट झाला. आत्याचं हसणं, काकूचं, टाइल्सचंसुद्धा, आणि त्यात कधी न ऐकलेला एक बारीक आवाज, तो सासूबाईंचा. वहिनी उठून दारात आली. सगळे एकदम गप्प. पाच माणसं पाच ताटांत डोकं घालून बसलेली. काकूचे खांदे हलत होते. पाचही याद्या शेवटच्या पानावर उघड्या होत्या.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"कुठे काय?" काका म्हणाले आणि पाणी प्यायले.

निघताना सासूबाई दारात थांबल्या. वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला. "शेवटचं पान वाच," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

टेबल आवरताना वहिनीने शेवटचं पान उघडलं. तिथे काळ्या पाटीवरची जुनी तांबडी छापलेली होती. तिच्याखाली वर्णन होतं, आणि ते तिने लिहिलेलं नव्हतं.

तांबडी. रोजची, पण सवय होत नाही. बाटली उघडायला गेलात तर आधी बोट कापेल. सतत तापलेली असते, का ते विचारू नये. प्रत्येक पदार्थात खोट काढते, आणि खोट खरी असते. सोबत काय खावं हे तीच सांगेल. हिच्या बदली दुसरी चालत नाही. ही रुसली तर हॉटेल बंद.

वहिनीने दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराच्या दारात गेली. शेफ भांडी पुसत होता.

"हे तू घातलंस? मला न विचारता?"

शेफ थांबला. हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. कान लाल. "हो. म्हणजे, छापखान्यात उभा होतो, जागा उरली होती..."

"काय डोकंबिकं आहे का तुला? आत्यांचं मी एकदा लिहिलं होतं ना? मग आणखी एकदा कशाला? सतत तापलेली असते म्हणे! ही रुसली तर हॉटेल बंद, इतकं उघड? गाळा कुणाचाय हे पोरासोराला माहितेय! सही झाली नसती म्हणजे? म्हणूनच हसत होते सगळे. नशीब, त्यांना स्वतःचं स्वतःला कळत नाही!"

शेफ तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

"आत्याच ना ही?" वहिनीने दरडावून विचारलं.

"हो," शेफ म्हणाला. "तीच." आणि लसान्या बघायला गेला.